१२:१४ ची पावती
शिकागोजवळच्या गोदामात अडकलेला ट्रक, तीन घड्याळं आणि लॉगमधली एक दुरुस्ती

हे प्रकरण आमच्याच कंपनीतलं आहे. माणसांची, गोदामाची आणि ब्रोकरची, म्हणजे लोड मिळवून देणाऱ्या मध्यस्थाची, नावं गाळली आहेत, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. वेळा मात्र लॉगमधल्या ठेवल्या आहेत, कारण सगळं भांडण वेळांचंच होतं.

पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अकरा ट्रकची एक छोटी वाहतूक कंपनी आहे. तिथे ‘सेफ्टी’ नावाचं खातं म्हणजे मी एकटी. चालकांचे लॉग तपासणं, तपासणी नाक्यावर काही निघालं तर निस्तरणं, कागद जपून ठेवणं ही माझी कामं. लोड ठरवणं आणि चालकांशी दिवसभर बोलणं हे डिस्पॅचचं काम. आमचा संध्याकाळचा डिस्पॅच पुण्यातून चालतो. हिंजवडीच्या एका ऑफिसात पंचविशीतला एक मुलगा रात्रपाळी करतो. इंडियानात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात त्याच्याकडे पहाटेचे पाच झालेले असतात. हुशार आणि कामसू पोरगा. मला ताई म्हणतो. ट्रकस्टॉप त्याने फक्त नकाशावर पाहिलेला आहे.

चालक पंजाबी, वय अठ्ठावन्न, या देशात वीसेक वर्षं ट्रक चालवतोय. ऑफिसात सगळे त्यांना पाजी म्हणतात, मीही इथे तसंच म्हणते.

नियम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. माल वाहणाऱ्या चालकाला सलग १० तास विश्रांती घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. पण ते ११ तास कामावर आल्यापासून १४ तासांच्या आत संपवावे लागतात. ही १४ तासांची मुदत एकदा सुरू झाली की जेवा, रांगेत उभे राहा, डिझेल भरा, ती पळतच असते. २००४ च्या आधी असं नव्हतं. तेव्हा १५ तास कामाचे असत आणि मधली सुट्टी त्यातून वजा होई. सलग मुदत आली ती २००४ पासून. शिवाय आठ दिवसांत ७० तासांची मर्यादा आहेच.

हे पूर्वी कागदी वहीत लिहिलं जायचं आणि त्या वह्यांत काय काय लिहिलं जायचं याच्या गोष्टी जुने चालक अजून रंगवून सांगतात. १८ डिसेंबर २०१७ पासून बहुतेक ट्रकना ईएलडी, म्हणजे इंजिनाला जोडलेली इलेक्ट्रॉनिक नोंदवही, सक्तीची झाली. चाक फिरलं की यंत्र स्वतःहून ‘ड्रायव्हिंग’ लिहितं आणि ती वेळ नंतर कुणालाही कमी करता येत नाही. गाडी थांबून पाच मिनिटं झाली की पडद्यावर विचारणा येते. मिनिटभरात उत्तर दिलं नाही तर यंत्र ‘ऑन ड्यूटी’ धरतं. ऑन ड्यूटी, ऑफ ड्यूटी की केबिनमधल्या मागच्या बर्थवर, हे माणसानेच सांगायचं असतं. चाकाचं खरं यंत्राला कळतं, चाक थांबल्यावरचं खरं कळत नाही. या प्रकरणातला सगळा गुंता त्या थांबलेल्या वेळेतला आहे.

तो दिवस

फेब्रुवारीतला मंगळवार. पाजी केंटकीतल्या लुईव्हिलजवळून गोठवलेल्या मालाचा ट्रेलर घेऊन निघाले. पुढच्या सगळ्या वेळा आमच्या मुख्य ठिकाणच्या, म्हणजे ईस्टर्न वेळेच्या आहेत, कारण लॉग नेहमी कंपनीच्या मुख्य ठिकाणच्या वेळेवर चालतो. गाडी कुठेही असो, तीच वेळ. शिकागोचं घड्याळ यापेक्षा एक तास मागे असतं. हा एक तास लक्षात ठेवा.

पहाटे ५:०० ला ते कामावर आले आणि १४ तासांची मुदत तिथून सुरू झाली. म्हणजे संध्याकाळी ७:०० नंतर स्टिअरिंगला हात नाही. गाडीची पाहणी करून ५:३० ला निघाले आणि ११:०० ला शिकागोच्या दक्षिणेकडच्या शीतगृहाच्या फाटकावर पोहोचले. अपॉइंटमेंट ११:३० ची, म्हणजे अर्धा तास आधीच. वाटेतला थांबा सोडून गाडी चालवली सव्वापाच तास.

१२:०० वाजता दरवाजा मिळाला, पाजींनी ट्रेलर लावला. माल उतरवायला कुणी येईना. २:३५ ला कळलं की त्या दरवाजाचा लेव्हलर, म्हणजे फलाट आणि ट्रेलर जोडणारी पट्टी, बिघडलाय, दुसऱ्या दरवाजावर जा. तिथे काम सुरू झालं. मागच्या खेपेला खोके कमी भरले होते म्हणून या वेळी पाजी स्वतः मोजायला उभे राहिले. ५:५० ला ट्रेलर रिकामा, कागद हातात पडायला ६:२५.

फाटकावरच्या माणसाने सांगितलं, आत रात्री थांबता येणार नाही. निघा.

हातात ३५ मिनिटं.

अडचण

पुढचा लोड ओहायोतल्या टोलेडोला दुसऱ्या दिवशी सकाळी ७:०० ला उचलायचा होता. गोदामापासून टोलेडो सुमारे सव्वाचार तास. पुण्यातल्या पोराच्या पडद्यावर पाजींच्या नावापुढे ठळक आकडा दिसत होता: ड्रायव्हिंग शिल्लक ५ तास ४५ मिनिटं. त्याच्या शेजारचा १४ तासांच्या मुदतीचा छोटा आकडा त्याला दिसला, पण उशिरा. नियमाचा विचित्रपणा त्या दोन आकड्यांत उघडा पडतो. माणसाने जेमतेम सव्वापाच तास गाडी चालवली आहे आणि तरी त्याचा दिवस संपला आहे. तो दिवस गोदामाने खाल्ला. गोदामाला मात्र कोणतंही लॉग ठेवावं लागत नाही.

ही तक्रार फक्त चालकांची नाही. अमेरिकी वाहतूक खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं की गोदामातला सरासरी थांबा १५ मिनिटांनी वाढला तर अपघाताचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. का, हे कळायला पाजींची ती संध्याकाळ पाहिली तरी पुरे. उशिरा सुटलेला माणूस घाईत असतो, दमलेला असतो आणि अंधारात जागा शोधत असतो.

६:३० ते ६:४५ या पंधरा मिनिटांत पुण्याहून दोन गोष्टी झाल्या. पहिली, पाजींच्या टॅबवर लॉगमध्ये बदल सुचवणारी विनंती गेली: १२:२० ते २:३५ ही वेळ ‘ऑन ड्यूटी’ऐवजी ‘स्लीपर बर्थ’ करा, कारण ‘चालक स्थिती बदलायला विसरला’. दुसरी, एक मेसेज: नाही जमलं तर पर्सनल कन्व्हेयन्स, म्हणजे खासगी प्रवास, लावून थेट टोलेडो गाठा.

तोवर पाजी पहिल्या ट्रकस्टॉपवर पोहोचले होते. ६:५० झाले होते आणि एकही जागा रिकामी नव्हती. हिवाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमाराला शिकागोच्या आसपास ट्रकला जागा मिळणं म्हणजे गणपतीत दादरला गाडी लावायला जागा मिळण्यासारखं. त्यांनी मला फोन केला.

“मॅडमजी, टॅब पे कुछ आया है. अ‍ॅक्सेप्ट दबाऊं क्या?”

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सुचवलेल्या दुरुस्तीचा. तो लबाडीचा होता असं लगेच म्हणू नका, मीही म्हटलं नाही. २९ सप्टेंबर २०२० पासून विश्रांतीचे १० तास दोन तुकड्यांत घेता येतात. एक तुकडा बर्थवर किमान सलग ७ तासांचा, दुसरा किमान सलग २ तासांचा, आणि दोन्ही मिळून १० भरले पाहिजेत. अशी जोडी जमली की दोन्ही तुकडे १४ तासांच्या मुदतीतून वजा होतात. पोराचं गणित असं: दुपारचे सव्वादोन तास बर्थवर, म्हणून मुदत ७:०० ऐवजी रात्री ९:१५ पर्यंत. तोवर गाडी चालवायची, मग पावणेआठ तास झोप, पहाटे ५:०० ला उठून उरलेला दीड तास चालवायचा. टोलेडो साडेसहाला. गणित बिनचूक होतं. आणि झोपलेला माणूस लॉगमध्ये चुकून ‘ऑन ड्यूटी’ राहिला असेल तर ती चूक दुरुस्त करायला नियमाची पूर्ण परवानगी आहे. दुरुस्तीला कारण लिहावं लागतं, चालकाने ती स्वतः मान्य करावी लागते आणि मूळ नोंद खाली तशीच राहते. चालणार नाही ते एकच: जे घडलं नाही ते लिहिणं.

दुसरा पर्याय पर्सनल कन्व्हेयन्सचा, म्हणजे ट्रक खासगी कामासाठी चालवतोय अशी नोंद. ही वेळ ऑफ ड्यूटी धरली जाते. मे २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शनानुसार माल उतरवल्यावर जवळच्या सुरक्षित जागी विश्रांतीला जाण्यासाठी ती वापरता येते, पण ती जागा वाटेत रास्तपणे मिळू शकणारी पहिली असली पाहिजे. पुढच्या लोडच्या जवळ सरकण्यासाठी रिकाम्या जागा ओलांडून जाणं चालत नाही. हा पर्याय इतका मोहक का, तर ऑफ ड्यूटी धरल्यामुळे विश्रांतीचे तासही तेव्हाच मोजले जातात. थेट टोलेडो केलं असतं तर लॉग म्हणाला असता की माणूस सात वाजल्यापासून आराम करतोय, आणि तो माणूस रात्री अकरापर्यंत ट्रक हाकत असता.

तिसरा पर्याय फोनवर पोरानेच काढला. “ताई, बर्फ पडतोय ना तिकडे? अ‍ॅडव्हर्स कंडिशन लावू, दोन तास मिळतात.” मिळतात, खरंच मिळतात. पण अचानक आलेल्या, निघताना माहीत नसलेल्या खराब हवामानाला किंवा रस्त्याच्या परिस्थितीला. त्या दिवशीचा भुरभुर बर्फ आदल्या रात्रीच्या अंदाजातच होता आणि त्याने एक मिनिटही उशीर झाला नव्हता. उशीर लेव्हलरने केला होता.

चौथा, गोदामाला पुन्हा विनंती. मी स्वतः फोन केला, ड्यूटीवरच्या बाईंनी नम्रपणे नाही म्हटलं. पाचवा, दुसरा चालक पाठवून ट्रेलर बदलून घेणं. आमचा सगळ्यात जवळचा ट्रक अडीच तासांवर होता, ते तिथेच संपलं.

सहावा पर्याय कुणालाच नको होता: ब्रोकरला आत्ताच कळवायचं की सातला जमणार नाही.

निर्णयाचा क्षण

मी पाजींना अ‍ॅक्सेप्ट दाबू नका म्हटलं नाही आणि दाबाही म्हटलं नाही. विचारलं, साडेबारा ते अडीच तुम्ही कुठे होतात?

“बर्थ पे. लेटा था.”

पूर्ण वेळ?

थोडं थांबून म्हणाले, “बीच में एक बार लड़का आया था, दरवाज़ा ठोक के. हमालों की रसीद पे साइन चाहिए था, पैसे का कोड भी देना था. ऑफिस तक गया, आया. दस मिनट.”

दहा मिनिटं. पण किती वाजता? पावतीचा फोटो दुपारीच डिस्पॅचकडे गेला होता. त्यावर छापलेली वेळ १२:१४.

आणि इथे सगळं उलगडलं. पोराने ती १२:१४ लॉगच्या घड्याळाने वाचली होती. दरवाजा १२:०० ला मिळाला, १२:१४ ला सही झाली, म्हणजे १२:२० पासून अडीचपर्यंत माणूस निवांत झोपला. म्हणून त्याने दुरुस्ती १२:२० पासून टाकली होती. पण पावती शिकागोच्या छपाईयंत्रातून आली होती. तिथले १२:१४ म्हणजे लॉगचे १:१४. झोपेच्या बरोबर मधोमध. त्या आधी बर्थवर जेमतेम सव्वा तास, त्यानंतर पुन्हा जेमतेम सव्वा तास. सलग दोन तास कुठेच नाहीत.

मी पुण्याला फोन लावला. पोरगा चिडलेला, थकलेला.

“ताई, दहा मिनिटांसाठी? झोपलेच होते ना ते! अकरातले पावणेसहा तास शिल्लक आहेत माणसाकडे.”

“ती पावती आपल्याला लॉगबरोबर सहा महिने ठेवायची आहे,” मी म्हटलं. “उद्या कुणी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर?”

“पण ती १२:१४ ची आहे.”

“कुठल्या घड्याळाची?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळूच, “शिट.”

खरं सांगायचं तर पावती नसती तर मी काय केलं असतं, याचा विचार मी नंतर बराच केला. पाजींनी दरवाजा ठोठावल्याचं स्वतःहून सांगितलं होतं, पावती मागून निघाली. त्यांनी ‘हो, पूर्ण वेळ झोपलो होतो’ म्हटलं असतं तर मी दुरुस्ती होऊ दिली असती आणि ती चुकीची ठरली असती. त्या संध्याकाळी सगळ्यात प्रामाणिक माणूस तो होता ज्याचा लोड जाणार होता.

काय केलं

पाजींनी रिजेक्ट दाबलं. ६:५५ ला पर्सनल कन्व्हेयन्स सुरू केलं आणि लॉगमध्ये लिहिलं: माल उतरवला, गोदामात थांबू दिलं नाही, पहिला ट्रकस्टॉप भरलेला, जागेच्या शोधात. जागेचं नावही लिहायला मी सांगितलं. पर्सनल कन्व्हेयन्समध्ये यंत्र ठिकाणाची नोंद मुद्दाम ढोबळ ठेवतं, साधारण दहा मैलांच्या अंतरापर्यंत. त्यामुळे कुठे थांबून पाहिलं हे चालकाने लिहिलं नाही तर कुणालाच कळत नाही.

दुसरा ट्रकस्टॉपही भरलेला. तीही नोंद केली. ७:५० ला इंडियाना टोल रोडवरच्या एका थांब्यावर शेवटची जागा मिळाली. तीही टोलेडोच्या दिशेनेच होती, आणि हे बाहेरून बरं दिसणार नाही हे मला माहीत होतं. पण पश्चिमेला शिकागोत परत शिरणं म्हणजे वेडेपणा. दिशा कोणती यापेक्षा वाटेतली मोकळी जागा ओलांडली का हा प्रश्न असतो, आणि ओलांडली नव्हती.

विश्रांतीचे १० तास आम्ही ६:५५ पासून न धरता गाडी उभी केल्यापासून, ७:५० पासून धरले. काटेकोर अर्थ लावला तर कदाचित एवढं सोसायची गरज नव्हती. पण चालकाला खरोखर पुरेशी विश्रांती मिळाली पाहिजे असं तेच मार्गदर्शन सांगतं, आणि पाजींचा आवाज ऐकल्यावर मला वाद घालायचा नव्हता.

रस्त्याच्या कडेला, बंद पेट्रोलपंपावर कुठेतरी घुसवा, असंही कुणीतरी सुचवलंच. या देशात ट्रकच्या पार्किंगसाठीच्या कायद्याला ‘जेसन्स लॉ’ म्हणतात. २०१२ च्या त्या तरतुदीला नाव मिळालं ते २००९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात एका ओस पडलेल्या पेट्रोलपंपावर थांबलेला असताना मारल्या गेलेल्या चालकाचं. मी नाही म्हटलं.

७:०० च्या सुमाराला मी ब्रोकरला कळवलं: सकाळी सातऐवजी नऊपर्यंत. त्याने अर्ध्या तासाने उत्तर दिलं. लोड दुसऱ्याला दिला.

पुढे काय झालं

पाजी सकाळी सहाला निघाले ते रिकामे. इंडियानातल्याच एल्कहार्टजवळून दुपारी एक लोड मिळाला, भाडं कमी. गोदामातल्या खोळंब्याचं डिटेन्शन, म्हणजे भरपाई, मागितलं. रिवाजाप्रमाणे पहिले दोन तास फुकट, म्हणजे १:३० पासून ६:२५ पर्यंत जवळजवळ पाच तास. ब्रोकरने तीन तासांचे पैसे दिले, कारण बिल्टीवर बाहेर पडल्याची वेळ गोदामाच्या माणसाने टाकली नव्हती. ते तीनही मिळाले ते ईएलडीतल्या ठिकाणाच्या नोंदी दाखवल्यामुळे. चालकाला धरण्यासाठी आणलेलं यंत्र त्याची मजुरी वसूल करायलाही कामी येतं, हे आमच्या चालकांना तेव्हा पहिल्यांदा पटलं.

पाच दिवसांनी ओहायोतल्या वजनकाट्यावर पाजींची तपासणी झाली. अधिकारी चालू दिवस आणि आधीचे सात दिवस पाहतो, त्यामुळे तो मंगळवार त्यात होताच. त्याने फाइल मागवून घेतली, पर्सनल कन्व्हेयन्सच्या रेषेवर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे पूर्वेकडे का गेलात? पाजींनी नोंदी दाखवल्या. त्याने वाचल्या, मान हलवली.

आणि मग ठपका ठेवलाच, पण भलत्याच गोष्टीचा. यंत्र बिघडलं तर आठ दिवस पुरतील इतके कोरे कागदी लॉग ट्रकमध्ये ठेवावे लागतात. पाजींच्या ट्रकमध्ये एकही नव्हता. तो दोष माझा. ज्या खात्याने कागद बंद केला त्याच खात्यासाठी कागद बाळगावा लागतो हे मी अकरा ट्रकना सांगितलं होतं, नऊ ट्रकमध्ये पाहिलं होतं.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक त्या संध्याकाळची नव्हतीच, दुपारची होती. आणि दुपारचीही नव्हती, काही वर्षांपूर्वीची होती. आमच्या कंपनीत एक लेखी सूचना होती: गोदामात असेपर्यंत ऑन ड्यूटी राहा, स्थिती बदलू नका. ती मीच लिहिली होती, २०१९ मध्ये. तेव्हाच्या नियमात छोटा दोन तासांचा तुकडा १४ तासांच्या मुदतीतून वजा होतच नव्हता, त्यामुळे त्या दिवसाच्या मुदतीपुरतं तरी ऑन ड्यूटी राहिल्याने फारसं बिघडत नव्हतं, आणि लेखापरीक्षणात प्रश्न कमी यायचे. सप्टेंबर २०२० मध्ये नियम बदलला. सूचना बदलली नाही. पाजी स्थिती बदलायला विसरले नव्हते. ते माझं ऐकत होते.

दरवाजाला गाडी लावून पाजींनी डिस्पॅचला ‘बर्थवर जातोय’ एवढं सांगितलं असतं, स्थिती बदलली असती आणि हमालांच्या पावतीचं काम डिस्पॅचने फोनवर उरकलं असतं, तर तेच सव्वादोन-अडीच तास खरे, सलग आणि उपयोगाचे झाले असते. सातला टोलेडो झालं असतं आणि कुणालाही काही वाकवावं लागलं नसतं. ऑन ड्यूटी धरलेले ते जवळजवळ साडेसात तास वर ७० तासांच्या हिशेबातूनही गेले, हा आणखी भुर्दंड.

दुसरं, घड्याळं. एकाच घटनेच्या वेळा तीन ठिकाणी तीन रीतींनी दिसत होत्या: पावतीवर शिकागोच्या, लॉगमध्ये इंडियानाच्या, आणि पोराच्या मनगटावर पुण्याच्या. आता पावतीचा फोटो पाठवताना त्यावर ‘स्थानिक’ असं लिहून पाठवायची सवय लावली आहे. किरकोळ वाटतं, पण त्या दिवशी तेवढंच हवं होतं.

तिसरं, डिस्पॅचच्या लॉगिनला लॉगमध्ये बदल सुचवण्याचा अधिकार होता. तो काढला. पोराला राग आला, आणि त्याचा राग मला अर्धा पटतो. दुरुस्ती त्याने चुकीने सुचवली होती, लबाडीने नाही. पर्सनल कन्व्हेयन्सचा मेसेज मात्र चुकीने नव्हता. आधीच्या नोकरीत त्याला तसंच शिकवलं होतं, तिथे सगळे तसंच करायचे. चालकाला नियम मोडायला भाग पाडण्यावर जानेवारी २०१६ पासून बंदी आहे आणि ती ब्रोकर, गोदामवाले, माल पाठवणारे सगळ्यांना लागू आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

चौथं मी अजून ठरवू शकलेले नाही. ब्रोकरला दुपारी अडीचलाच, दरवाजा बदलला तेव्हाच, कळवायला हवं होतं का? लवकर कळवलं असतं तर त्याने वेळ बदलून दिली असती, किंवा लोड चार तास आधी काढून घेतला असता. दोन्ही घडताना मी पाहिलं आहे. मालक म्हणतात थांबायचं, मी म्हणते सांगायचं. अजून वाद सुरू आहे.

एक गोष्ट मात्र या सगळ्यात कुणीच मोजली नाही. पाजींचा प्रत्येक मिनिट अन् मिनिट यंत्रात होता. पुण्यातला पोरगा पहाटे पाचला, सलग दहाव्या तासाला, डोळे ताणून पावतीवरची वेळ वाचत होता. त्याच्या कामाचा लॉग नाही. आपल्याकडे ट्रकचालकांसाठीही १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा होती, ती मोजणारं यंत्र मात्र गाडीत कधी आलं नाही. आम्ही त्याची पाळी दोन तासांनी आखडली, त्या वेळेत आता मी बसते.

२०२५ मध्ये अमेरिकी वाहतूक खात्याने १४ तासांची मुदत मधे थोडा वेळ थांबवू देणाऱ्या प्रायोगिक योजनेचा प्रस्ताव मांडला. अर्धा तास ते तीन तास. ती आली तर पाजींच्या तशा दुपारची गोष्ट वेगळी होईल.

तोवर पाजींनी स्वतःचा उपाय काढला आहे. पुठ्ठ्यावर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये लिहून घेतलंय: चालक झोपलेला आहे, कामासाठी या नंबरवर फोन करा. बर्थवर गेले की तो पुठ्ठा खिडकीत उभा करतात. त्याच गोदामात त्यानंतर आम्ही तीनदा गेलो. दोनदा पुठ्ठ्याने काम केलं. तिसऱ्यांदा एक तास पन्नास मिनिटांनी कुणीतरी दरवाजा ठोठावला. पाजींनी उठून बूट घातले, टॅबवर ऑन ड्यूटी दाबलं आणि मला मेसेज टाकला: दहा मिनिटं कमी पडली.